विहिरीवरचे काटे

देवमन मुंबईहून इंझोरीला सुटीवर आला तो तोंड पाडूनच. नोकरी कॉम्प्युटरवरची, अन् तिथं त्यानं माती खाल्ली होती. एक प्रोग्राम एक फाइल थेट मशीनच्या मेमरीतून वाचायचा. देवमनचा प्रोग्राम त्याच फाइलची नको असलेली शेपटी छाटायचा. छाटण्याआधी कुणी वाचत नाही ना, हे बघायचा, मग कुलूप लावायचा. पण बघणं अन् कुलूप यांच्या मधल्या फटीत वाचणारा आत शिरायचा, अन् वाचता वाचता पानच गायब! सगळं काम आडवं. चूक शोधायची सोडून हा गडी 'सुटीनंतर बघू' म्हणत गाडीत बसला.

घरी बाप, पुंजाजी, विहिरीतला गाळ काढत होता. उतरायचा दोर निंबाला बांधलेला, वरच्या टोकाशी झिजलेला.

"तेवढं कापून नव्यानं बांध," वर आलेला बाप घराकडं जाता जाता म्हणाला. "अन् पयले काटे टाक, मंग डोकाव. उलटं करू नोको."

विहिरीच्या तोंडावर बाभळीची फांदी दिसली की कुणी उतरायचं नाही, ही त्यांची रीत.

देवमननं आधी डोकावलं. आत कुणी नाही. मग तो फांदी अन् विळा आणायला गोठ्यामागं गेला. इकडं पुंजाजी आला. काटे नाहीत, म्हणजे दोर बांधून झाला, असं समजून बिनघोर उतरला अन् अर्ध्यावरच्या कपारीत टेकला. दोर सैल पडला.

देवमननं येऊन फांदी टाकली. काठावर बापाच्या वहाणा होत्या. पण एकदा पाहून झालेला माणूस पुन्हा कशाला पाहतो! विळा चालला. खाली बापानं दोरावर भार दिला.

माय, भागिरथा, धावत आली तेव्हा तो बरळत होता, "पाह्यलं होतं ना मी!"

"कवा पाह्यलं रे, बाबू?"

देवमन दुसरा दोर आणायला धावला.

पुंजाजी वाचला. गुडघा मात्र मंगरूळपीरच्या दवाखान्यात नेऊनही वाकेना.

मुंबईत परतल्याबरोबर देवमननं कुलूप आधी घातलं, बघणं नंतर. काम पुन्हा कधी आडवं झालं नाही. साहेबानं पाठ थोपटली, ते त्याला सोसवेना.

पुढच्या सुटीत जेवताना, पाय लांब करून बसलेल्या बापानं विचारलं, "तुह्या मशीनचं जमलं काय?"

"जमलं, बाबा. दोनच ओळी उलट्या होत्या."

"दोनच? मंग मांगच्या खेपेले ते करूनच काहून नाई आला, बावा?"

बाप सहज बोलून गेला. देवमननं घास ताटात ठेवला अन् बापाच्या न वाकणाऱ्या गुडघ्याकडं पाहिलं.