गार की गरम?

मित्रांनो, मी एक जुना टॉवेल आहे, मांजरांच्या दवाखान्यातला. मोठ्या डॉक्टरांच्या घरून आलो तेव्हा मी निळा होतो. आता कुठल्या रंगाचा आहे, सांगता येणार नाही. माझ्यात किती नख्या रुतल्या असतील! "हा माझा पहिला मदतनीस," असं डॉक्टर सांगत आणि मी फुलून जाई.

त्यांच्या शेवटच्या दिवशीही मी सकाळी टेबलावर होतो. एका आजींनी बोका आणला. पुढच्या पायांवर तो फरफटत होता. मागचे दोन्ही लुळे.

"पाठीला मार लागलाय. एक्स-रे काढू," धाकटी डॉक्टर, म्हणजे त्यांची लेक, म्हणाली.

"आधी हात लाव. गार की गरम?"

"बाबा, मी काय आता विद्यार्थिनी आहे?"

"नाहीस, म्हणून तर विचारतोय. विद्यार्थी विसरत नाहीत."

तिने चिडूनच पंजे चाचपले. गरम होते. मांडीतली नाडीही लागली. पंजे गार असते आणि नाडी गायब असती, तर पायांकडच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असती. मग एकेक मिनिट मोलाचं. इथे कण्याला सूज होती. औषध, पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती, आणि दिवसातून तीनदा पोट हलकेच दाबून लघवी काढायची.

दुपारी डॉक्टर खुर्चीत बसले आणि मला पायांवर गुंडाळून घेतलं. तासभर होतो, तरी मला ऊब आली नाही. मला कळत होतं, पण टॉवेलाला बोलता कुठे येतं?

"अहो बाबा, तो मांजरांचा आहे!" लेकीने मला ओढलं. क्षणभर हातात धरलं. मग धुवायला टाकलं.

संध्याकाळी डॉक्टरांचं हृदय थांबलं.

तेव्हापासून लेक एका जागी बसत नाही. कपाटं पुन्हा पुन्हा लावते, बोक्याचे पंजे तासातासाला चाचपते. दोरीवर मलाही स्वस्थता नाही.

आज, चौथ्या आठवड्यात, बोक्याने मागचा पाय माझ्यावर रोवला आणि डगमगत उभा राहिला. आजी हसता हसता रडल्या. लेकीने फक्त मान हलवली.

मित्रांनो, मला टाकून दिलंत तरी चालेल. पण घरातलं माणूस पाय गुंडाळून बसलं, तर आधी हात लावून बघा.

आजी घरी गेल्यावर लेक बाबांच्या त्या खुर्चीत बसली, मला मांडीवर घेऊन. मोठ्याने म्हणाली,

"टॉवेल गार लागला होता, बाबा. तरी मी विचारलं नाही."