तलावाचे पाणी प्यालेली जपानीन

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जुनी म्हणा, माझी हरकत नाही. वीस वर्षे झाली, ते लपवायचे कशाला? पण खटारा म्हणालात तर आपले जमायचे नाही. माझे खानदान जपानचे. आराखडा तिकडचा आणि जुळणी आपल्याच देशातल्या कारखान्यात. म्हणून आमच्या गावात मला कोणी गाडी म्हणत नाही. सगळे ‘जपानीन’ म्हणतात.

सुरुवातीची सहा वर्षे मी नागपूरला एका डॉक्टरांकडे होते. रोज अंघोळ, मऊ फडके, सावलीची जागा. तिथून उमरावांनी मला गोंदिया जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी, दवनीवाड्याला आणले. उमराव धानाचे शेतकरी. त्यांच्या आजोबांनी गावचा तलाव बांधला, आणि कोणत्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, किती पाणी सोडायचे ते आजही उमरावच ठरवतात. माणूस लाखातला, पण त्या तलावाचा अभिमान असा की विचारू नका. पाहुण्याला चहाच्या आधी तलावाचे पाणी, देवाला तलावाचे पाणी, आणि काय सांगू, माझ्या रेडिएटरलाही तलावाचेच पाणी! रेडिएटर म्हणजे इंजिन थंड ठेवणारी पाण्याची जाळी. तिला स्वच्छ, गंज न धरू देणारे औषधी पाणी लागते. पण घरात एवढे अमृत असताना विकतचे पाणी कोण आणणार? उमराव तांब्या ओतायचे आणि प्रेमाने माझे बॉनेट थोपटायचे. मलाही ते थोपटणे आवडायचे, म्हणून मी गप्प राहिले. चूक माझीही आहेच.

ते दिवस मात्र सोन्याचे होते. दवनीवाड्याच्या किती नवऱ्या माझ्या मागच्या सीटवर बसून रडल्या आणि किती नवरदेवांनी माझ्या आरशात फेटे सारखे केले! अडलेल्या बायकांना मी वेळेवर दवाखान्यात पोचवले. धानाच्या रोपांच्या पेंढ्याही वाहिल्या. माझ्याशिवाय गावाचे पान हलत नसे.

मग मला ताप येऊ लागला. गोंदियाला निघाले की वाटेतल्या कामठ्याच्या अलीकडेच बॉनेटमधून वाफ निघायची. तिथला चहावाला उदाराम मला दुरून पाहताच बादली घेऊन उभा राहायचा आणि ओरडायचा, “आली का जपानीन? किती बादल्या पिशीन आज?” लोक हसत. मला मेल्याहून मेल्यासारखे होई. पुढेपुढे उमरावांनी मला बाहेर काढणेच सोडले. मी अंगणाच्या कोपऱ्यात उभी राहिले आणि माझ्यावर धानाच्या तणसाचा ढीग चढला.

यंदा माझ्या कागदांची मुदत संपत आली. बुधवारी गोंदियाला जाऊन तपासणीत पास व्हायचे, नाहीतर भंगारात जायचे. भंगारवाला शालीकराम तर येऊन माझ्या दारांवर टकटक करून गेला. “पत्रा चांगला हाये,” तो म्हणाला. अंगावर काटा आला माझ्या.

पण उमरावांची लेक रीता पुढे सरसावली. गोंदियाच्या आयटीआयमधून डिझेलचे काम शिकलेली ही पोर ट्रॅक्टर उघडते तशी मला उघडून बसली. फोनवर ती एका जपानी म्हाताऱ्याच्या चित्रफिती पाही. त्याची भाषा तिला ओ की ठो कळत नव्हती. हात मात्र कळत होते.

तिने रेडिएटर सोडवून उलटा केला. आतून बदाबदा गाळ पडला. काळा, चिकट, त्यात शिंपल्यांचा चुरा.

“बाबा, हिले तुमच्या तलावानंच मारलं,” रीता बोलून गेली.

उमरावांचा चेहरा उतरला. “माह्या आज्याच्या तलावाले नाव ठेवून राहिली तू? तेबी माह्यासमोर?” एवढेच म्हणून ते घरात गेले आणि तीन दिवस लेकीशी बोलले नाहीत. मला वाईट वाटले, कारण दोघेही मला जीव लावणारे, आणि पोरीचे खरे होते.

रीता हटली नाही. इंजिनातल्या पाण्याच्या वाटा तिने धुऊन काढल्या. मोडीत निघालेल्या एका छोट्या ट्रकचा मोठा रेडिएटर आणला. तो माझ्या जागेत बसेना, तर जुन्या बैलबंडीच्या चाकाची लोखंडी धाव कापून, अंगणातच वेल्डिंग करून तिने त्याला पट्ट्या केल्या. जपानच्या पोटाला आमच्या झाडीपट्टीचा पट्टा! मला तर दागिना घातल्यासारखे वाटले. मंगळवारी सकाळी ती मला घेऊन निघाली, आणि मी कामठ्याच्या अलीकडे पुन्हा उकळले. रीता स्टिअरिंगवर डोके टेकून रडली. 

आम्ही कशाबशा घरी आलो. रीताच्या आईने, जमुनाबाईंनी, लेकीचा चेहरा पाहिला आणि सरळ नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “अवो, तुमी पान्याचे जानकार. पोरगी पान्यापाशीच अडून राहिली, अन तुमी रुसून कायले बसले?”

उमराव उठले. त्यांनी मला सुरू करायला लावले आणि पाण्याच्या नळीला कान लावला. आत गुडगुड होत होती. डोळे मिटून ते ऐकत राहिले, तलावाच्या तोंडाशी ऐकतात तसे.

“हवा अडली हाये,” ते म्हणाले. “तलावाच्या पाळीवरून पाइप टाकतो का नाई आपन? त्यात हवा राहिली का पानी पुढं सरकत नाई. हवेले वर जायची वाट द्या लागते. हिचं तोंड वर कर.”

मी थंड झाल्यावर दोघांनी मला तलावाच्या पाळीपाशी, म्हणजे मातीच्या बांधापाशी, नेले. पुढची चाके चढावर, मागची खाली, आणि मागच्या चाकांमागे अडवायला दगड. रीताने रेडिएटरचे झाकण काढून इंजिन सुरू केले. थोड्या वेळाने एक मोठा बुडबुडा आला, मग आणखी एक, मग पाणी एकदम खाली गेले. रीताने वरून डब्यातले हिरवे औषधी पाणी ओतले. उमरावांनी तो डबा स्वतः धरला होता.

“तलावाचं नको का, बाबा?” तिने हळूच विचारले.

“ते धानाले,” उमराव म्हणाले आणि हसले. तीन दिवसांचा अबोला तिथेच संपला.

बुधवारी उमराव चालवायला बसले, रीता शेजारी, आणि मी काय धावले, मित्रांनो! कामठ्याला उदाराम बादली घेऊन रस्त्यात आला. मी हॉर्न वाजवत त्याच्या समोरून निघून गेले. आरशात पाहिले, तर तो अजून बादली धरून उभाच होता.

गोंदियात तपासणीच्या साहेबांनी मला फिरवून, थांबवून, वाकून पाहिले. बंडीच्या धावेच्या पट्ट्या त्यांनी हाताने हलवून बघितल्या. जागच्या हलल्या नाहीत.

“काम बहुत पक्का है,” ते म्हणाले. “कोणत्या गॅरेजात केलं?”

“आमच्या आंगनात,” उमराव म्हणाले. मग त्यांनी मागे सरून रीताला पुढे केले. “मिस्त्री हे उभी हाये. माही पोरगी.”

रीताच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. मी पास झाले. पण त्या एका वाक्यापुढे माझ्या पास होण्याचे मला काहीच वाटले नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूवर प्रेम तर कराच, पण तिला काय सोसते आणि काय नाही, तेही एकदा तिचे झाकण उघडून पाहा. आपल्याला गोड लागते ते तिला पचेलच असे नाही. आणि घरातली लेक काही खरे बोलली, तर रुसून बसू नका. माझे म्हणाल, तर मला आणखी पाच वर्षे मिळाली आहेत. उद्या सकाळी रीता मला कचारगडच्या गुहांकडे नेणार आहे, आणि या वेळी तिच्या शेजारच्या सीटवर उमराव बसणार आहेत. तेव्हा रस्त्यात उभे राहू नका. मी कोणासाठी थांबणार नाही!