तिन्ही पिल्लं एका फोटोत

तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत तिचा फोटो स्टुडिओ होता आणि सगळे तिला स्टुडिओवाली म्हणूनच ओळखत. पासपोर्टचे, परवान्यांचे, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो काढण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. हनुवटी जरा खाली, खांदे सैल, दोन्ही कान दिसू द्या, एवढं ती झोपेतही बोलते, असं तिचा नवरा सांगायचा.

तिचा थोरला भाऊ अभयारण्यात वनरक्षक होता. दादा मुळातच अबोल. त्यामुळे एका दुपारी तो गणवेशातच स्टुडिओत आला आणि सलग अर्धा तास बोलत राहिला, तेव्हाच तिने ओळखलं की प्रकरण साधं नाही.

खडकाळ ओढ्याजवळ एका अस्वलिणीला तीन पिल्लं झाली होती. दादाने ती दोनदा पाहिली होती. पण त्याच ओढ्याकाठून पर्यटकांच्या गाड्यांसाठी रस्ता सुरू व्हायचा होता, आणि मोठे साहेब म्हणत होते, तिकडे पिल्लांची नोंदच नाही. त्यातून अस्वलाला एका वेळी एक-दोनच होतात, तीन म्हणजे पाहणाऱ्याची नजर चुकली असणार. झाडाला बांधलेला कॅमेरा त्या अस्वलिणीनेच ओरबाडून खाली पाडला होता. दादाच्या मोबाइलवरच्या फोटोत नुसता काळा डाग दिसत होता. भर बैठकीत एका कारकुनाने त्यावर विनोद केला, सगळे हसले, आणि एकोणतीस वर्षं जंगल तुडवलेला दादा मान खाली घालून बाहेर पडला.

"मला हसले त्याचं काही नाही," तो म्हणाला. "पण गाड्या सुरू झाल्या तर त्यातलं एक तरी पिल्लू जाणार."

आपण आजवर साधी चिमणीसुद्धा टिपलेली नाही, हे तिने त्याला सांगून पाहिलं. तुझा हात हलत नाही, एवढं मला पुरे आहे, असं म्हणून तो उठला. दुसऱ्या दिवशी तिने दुकान नवऱ्यावर सोपवलं, लग्नांचे फोटो काढणाऱ्या मैत्रिणीकडून लांबची लेन्स मागून आणली आणि ती दादाबरोबर निघाली.

ओढ्याच्या अलीकडे, फांद्यांनी झाकलेल्या आडोशात दोघं पहाटेपासून बसत. चहा नाही, कारण वास जातो. खोकला आला तर गिळायचा. पाच सकाळी अशाच गेल्या. मुंग्यांनी तिच्या पोटऱ्या फोडून काढल्या, गुडघे धरले, आणि पाचव्या दिवशी परतताना ती दादाच्या चार पावलं पुढेच चालत राहिली.

सहाव्या सकाळी अस्वलीण आली. डुलत डुलत, अंगावरचे केस हलवत. पाठीवर दोन पिल्लं, केसांत तोंड खुपसून बसलेली, आणि तिसरं मागून धडपडत येणारं. स्टुडिओवालीचं बोट बटणावर होतं, पण तिने ते दाबलं नाही. बाजूने पाहिलं तर तो काळ्या केसांचा एकच गोळा दिसत होता. यातून कुणाची ओळख पटणार? दादाने तिचं कोपर घट्ट धरलं. तरी ती थांबली.

अस्वलीण वारुळाशी खणू लागली. पिल्लं खाली उतरली आणि पांगली. एक झुडपाआड गेलं, ते येईना. मग वारा फिरला. अस्वलिणीला कसलातरी वास लागला असावा. ती मागच्या पायांवर सरळ उभी राहिली आणि छातीवरची पांढरी खूण उघडी पडली, डावीकडे तुटलेली. तिन्ही पिल्लं पळत येऊन तिच्या पायांशी चिकटली आणि आई बघत होती तिकडेच बघू लागली. स्टुडिओवालीने बटण दाबलं. अकरा फोटो मिळाले. मग अस्वलीण पुन्हा चार पायांवर आली, या वेळी तिसरंही पाठीवर चढलं, आणि चौघं खडकांआड गेली. दादाने टोपी काढून तोंड पुसलं.

पुढच्या बैठकीला दादा तिलाही घेऊन गेला. साहेबांनी फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला. छातीवरची तुटकी खूण जुन्या नोंदीतल्या अस्वलिणीशी जुळत होती. पिल्लं त्यांनी बोट ठेवून मोजली, मग पुन्हा मोजली. हा फोटोग्राफर कुठून आणला, असं त्यांनी विचारलं.

दादा उभा राहिला. "माझी धाकटी बहीण आहे, साहेब. कचेरीसमोर स्टुडिओ आहे तिचा." एवढ्या मोठ्या आवाजात त्याला बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

विनोद करणारा कारकून तिच्या मागच्याच खुर्चीत होता. चौघांना एकाच वेळी एकीकडे बघायला कसं लावलंत, असं त्याने विचारलं, आणि या वेळी तो थट्टा करत नव्हता.

"सव्वीस वर्षं तान्ह्या बाळांचेही पासपोर्टचे फोटो काढतेय," ती म्हणाली. "त्यांना बघायला लावता येत नाही. त्यांचं त्यांना वाटेपर्यंत थांबायचं."

रस्ता टेकडीच्या पलीकडून वळवायचं ठरलं. साहेबांनी नोंदवही दादापुढे सरकवली आणि पिल्लांची संख्या त्याच्याच हातून लिहून घेतली.

आता दर रविवारी दोन-तीन नवे वनरक्षक तिच्याकडे कॅमेरा शिकायला येतात. त्यांना घेऊन दादाच येतो. आत गर्दी होते म्हणून तो बाहेर बाकावर बसतो, आणि आज दुकान उघडं कसं, असं कुणी विचारलंच तर म्हणतो, "वर्ग चाललाय. माझी बहीण शिकवते."

कुणी विचारलं नाही, तर स्वतःहून सांगतो.