सातवा फर्मा

फर्मा पहिला

पुस्तक शिवायच्या आधी फर्मे मोजायचे असतात. फर्मा म्हणजे छापील कागदाची सोळा पानी घडी. प्रत्येक घडीच्या पहिल्या पानावर खाली कोपऱ्यात मुंगीएवढा आकडा असतो. बाइंडिंगवालीनं पुराणाची गड्डी उचलली आणि अंगठ्यानं एकेक कोपरा सोडत गेली. पाच. सहा. सात. आठ. मोजणी बरोबर होती. ती गड्डी शिलाईला ठेवणार, एवढ्यात सातव्यावरची एक ओळ तिच्या डोळ्यांत घुसली.

ओळीत एक मुलगा मृत्यूच्या दाराशी उपाशी बसला होता.

हा मुलगा पुराणातला नव्हे. हा उपनिषदातला. याचं इथे काही काम नव्हतं.

तिनं पान उलटलं. मुलगा तिथेही होता, आणि आता मृत्यूला विचारत होता की मेल्यावर माणसाचं काही उरतं की नाही, एकदाचं सांगून टाक.

मग पुराणाचा सातवा कुठे गेला? याचं उत्तर तिला ठाऊक होतं. उपनिषद तिनं मागच्याच आठवड्यात शिवलं होतं, पुठ्ठा चढवला होता आणि हेडसरांच्या घरी पोचतं केलं होतं.

"काय गं सूनबाई," सासूबाई खळ ढवळता ढवळता म्हणाल्या, "पाल पडली का अंगावर?"

"आई, घात झाला."

"बोट कापलंस?"

"बोट कापलं असतं तर परवडलं असतं."

चूक कशी झाली हे तिला लगेच दिसलं, आणि ते जास्त लागलं. सरांची गीता, उपनिषद आणि पुराण, तिन्ही एकाच छापखान्याची. एकच आकार, एकच टाइप, कागदही तोच. पानाच्या वर पुस्तकाचं नाव नाही, नुसता पानाचा आकडा. तिनं दोन पुस्तकं एकाच दिवशी उसवली, घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या आणि एकाच फळीवर वाळत ठेवली. दोन सात शेजारी शेजारी. आकडा पाहून उचलायचं, मजकूर पाहायचा नाही, ही सासऱ्यांची शिकवण. वाचत बसलं की हात थांबतो, म्हणायचे. तिचा हात थांबला नव्हता.

फर्मा दुसरा

शाळेत असताना हेडसरांच्या बुटांचा आवाज जिन्यात आला की वर्गातले पंखेसुद्धा हळू फिरतात, असं पोरं म्हणायची. बाइंडिंगवाली शेवटच्या बाकावर बसायची, म्हणून सरांनी तिचं नावच 'शेवटचा बाक' ठेवलं होतं. आता तिच्या केसांत पांढरं आलं होतं, सरांचं हृदय थकलं होतं, पण ते दुकानात आले की तिची पाठ आपोआप ताठ व्हायची.

ते पुस्तकं घेऊन आले तेव्हा मुलीच्या खांद्यावर हात होता. गीता आणि उपनिषद बांधून घरी पाठव, म्हणाले. मग पुराण दोन बोटांनी तिच्याकडे सरकवलं, जसं आपण ताटातला केस बाजूला काढतो.

"हे बांध आणि वाचनालयाला देऊन टाक, शेवटचा बाक. माझ्या घरात परत नको."

"का सर?"

मुलगी गाडीकडे गेलेली त्यांनी आधी पाहून घेतली. "माझी आई गेली तेव्हा वडिलांनी हे घरी वाचायला लावलं होतं. दारं लावून. मी दुसरीत होतो. त्या कढया, ती कुत्री, ती नदी. मला वाटलं, आई आत्ता तिथे आहे. पुढे कितीतरी वर्षं मी अंथरूण ओलं करायचो." ते थांबले. "अजूनही मला याची भीती वाटते. हसू नकोस."

ती हसली नव्हती. सगळी शाळा ज्याला टरकून होती, तो माणूस एका पुस्तकाला टरकून होता.

सरांची मुलगी गाडी शिकवते. जाता जाता ती हळूच म्हणाली, "जपून बोलत जा हं त्यांच्याशी. डॉक्टर म्हणालेत, धक्का सोसायचा नाही. मी दिवसभर लोकांना ब्रेक दाबा म्हणून ओरडते आणि घरी येऊन बाबांना तेच सांगते. दुपारी तेवढं उपनिषद वाचतात, तेव्हा शांत असतात. बाजूला गीता उघडी. ह्यात काय म्हटलंय, त्यात काय म्हटलंय, पडताळत बसतात. परीक्षेचे पेपर तपासल्यासारखे."

तपासायला आता त्यांच्या हातात भलताच पेपर होता.

फर्मा तिसरा

फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

"जाऊन ये आणि खरं सांग," सासूबाई म्हणाल्या.

"सरांना?"

"नाही, माझ्या माहेरच्यांना."

"आई, मी म्हणते, शिलाई सैल राहिलीय, नेऊन परत आणते. फर्मा गुपचूप बदलीन. त्यांना कळायचंसुद्धा नाही."

"एक खोटं शिवायला दहा टाके लागतात, बघ बाई. आणि तेही उसवतातच."

तिनं उपनिषदाचा खरा सातवा दोन पुठ्ठ्यांमध्ये घातला, सुई, दोरा आणि पातं पिशवीत टाकलं आणि निघाली. रस्त्यावर खणून ठेवलं होतं, माणसं फळीवरून जात होती. तिच्या पुढचा माणूस सावकाश चालत होता आणि तिला त्याला ढकलावंसं वाटत होतं.

बाइंडिंगवाल्या माणसाला पुस्तकं तुकड्यातुकड्यांनी माहीत असतात, जसे शिंप्याला लोक छातीच्या मापानं माहीत असतात. चालता चालता ते तुकडे तिच्या डोक्यात एकमेकांवर आदळू लागले. गीता म्हणते, कुणी मरत नाही, जुना कपडा टाकून नवा घालतात तसं आहे ते. उपनिषदात तो मुलगा मृत्यूलाच विचारतो, तर मृत्यू म्हणतो, बाबा रे, दुसरं काहीही माग, गाईगुरं माग, राज्य माग, पण हे विचारू नकोस. आणि पुराण? पुराणाला सगळं माहीत. वाट किती लांब, वाळू किती तापलेली, कुठल्या पापाला कुठली कढई. तिघांत सगळ्यात जास्त माहिती त्यालाच, आणि म्हणून भीतीही त्याचीच जास्त. ज्याला नक्की ठाऊक नाही त्याच्याशी वाद घालता येतो. ज्याला कढईचा आकारसुद्धा ठाऊक आहे, त्याच्यापुढे काय बोलणार?

सर क्रमानं वाचतात, पान ओलांडत नाहीत. सहाव्यात असतील अजून, ती स्वतःला सांगत होती. सहावा दाट आहे, बारीक टिपा आहेत खाली, भिंग लावून वाचायला वेळ लागतो. सहाव्यातच असतील.

जिना चढून तिनं बेल वाजवली. आत कडी सरकली, दार उघडलं, आणि दारात

फर्मा सातवा (इथला नव्हे)

काळे दूत उभे असतात. त्यांच्या हातात फास असतो आणि ते जीवाला एवढंच म्हणतात, चल. जीव मागे वळून पाहतो. घर दिसतं, घरातली माणसं दिसतात, पण हाक मारायला तोंड उरलेलं नसतं. वाट तापलेल्या वाळूची. झाड नाही, सावली नाही. पुढे नदी लागते, ती पाण्याची नसते. नदीपलीकडे धूर दिसतो, धुराखाली कढया, आणि कुणाला कशात टाकायचं ते तो पोचायच्या आधीच ठरलेलं असतं. तुला काही सांगायचं आहे का, असं कुणी विचारत नाही. तिथे

फर्मा चौथा

सरांची मुलगी उभी होती.

"तू? बरं झालं बाई आलीस. फोन गाडीतच राहिला माझा. अगं, बाबा परवापासून धड जेवत नाहीत. भर दुपारी दिवा लावून बसतात. विचारलं तर म्हणतात, अभ्यास चाललाय."

सर सहाव्यात नव्हते.

खोलीत खिडकी सताड उघडी, ऊन टेबलावर आलेलं, आणि तरीही टेबललॅम्प चालू. सर खुर्चीत होते, दोन दिवसांत गळ्याची कातडी सैल पडलेली. उजवीकडे गीता. डावीकडे उपनिषद बंद, त्याच्यावर भिंग, भिंगावर चष्म्याचं घर, त्यावर भरलेला तांब्या. आतून कुणी वर येऊ नये म्हणून ठेवावं तसं.

"सर, ते... शिलाई जरा सैल राहिली होती. घेऊन जाते, उद्या परत देते."

"शिलाई घट्ट आहे," सर म्हणाले. "मी ओढून पाहिली."

मुलगी चहा टाकायला गेली. सरांनी तिला पुढे वाकायची खूण केली, आणि ज्या आवाजानं एके काळी मैदान रिकामं व्हायचं तो आवाज कुजबुजला.

"ह्याच्यात पण ते आहे."

तिची नजर तांब्याखालच्या पुस्तकावर गेली.

"मुलगा मृत्यूच्या दाराशी जातो. जन्मभर मी धरून होतो, की त्या दारात निदान बोलायला कुणीतरी आहे. आता वाचलं, तर आत कढया. पूर्वीही होत्या आणि मी विसरलो, की काय? आणि वाक्य जुळत नाही. पान संपताना एक, उलटल्यावर भलतंच. पन्नासदा वाचलं. छापलेलं कसं चुकेल? म्हणजे माझंच डोकं गेलं. नाहीतर..." त्यांनी दाराकडे पाहिलं. "नाहीतर ती मंडळी निघालीत, आणि आधी पुस्तकात शिरलीत."

त्यांच्या ओठांवर घाम होता. एक हात सदऱ्यावर, छातीच्या डाव्या बाजूला. हा माणूस आत्ता इथे, आपल्यासमोर जाईल, असं तिला वाटलं.

"सर, माझी चूक झाली. दोन पुस्तकांचे सातवे फर्मे बदलले माझ्याकडून. हे पुराणातलं आहे."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. कॉपी पकडताना पाहायचे तसं.

"आत्ता शिलाई म्हणालीस."

"खोटं बोलले."

"आणि आता?"

"आता खरं."

"म्हणजे पोरीनं बोलावून घेतलंय तुला. म्हाताऱ्याला काहीतरी सांगून गप्प कर म्हणून." ते रागावले नव्हते, आणि तेच वाईट होतं. "चांगल्या मनानं केलंस. पण मी लहान नाही."

दहावा टाका, तिच्या मनात आलं. आता बोलून उपयोग नव्हता. तिनं तांब्या उचलला, चष्म्याचं घर उचललं, भिंग उचललं. सर खुर्चीत मागे सरकले. तिनं पातं काढलं.

"काय करतेस?"

"उसवते सर. तुमच्यासमोर."

पुठ्ठा सुटताना खळीचा करकर आवाज झाला. एकेक टाका कापत ती सातव्यापर्यंत पोचली आणि घडी ओढून काढली. हलणारा दात निघावा तशी ती निघाली. मग पिशवीतला फर्मा त्या जागी ठेवला आणि सहाव्याचं शेवटचं पान सरांपुढे धरलं.

"वाचा."

"तू वाच."

"सर, तुम्हीच वाचा. मी वाचलं तर म्हणाल, मनचं वाचते."

सरांनी भिंग घेतलं. ते कागदावर टेकवलं. "मुलगा दाराशी पोचला," त्यांनी वाचलं, "तेव्हा मृत्यू घरी..." ते थांबले. त्यांनी भिंग नव्या पानावर सरकवलं. "...नव्हता. म्हणून तो उपाशी बसून राहिला."

त्यांनी परत वाचलं. मृत्यू घरी नव्हता. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा भिंग खाली ठेवलं आणि डोळे मिटले. ती त्यांच्या छातीकडे पाहत राहिली. छाती वर येत होती, खाली जात होती.

"आणि हे?" सरांनी डोळे न उघडता सुट्या घडीकडे बोट केलं.

"पुराणात परत जाईल."

"म्हणजे खोटं नाही. फक्त जागा चुकली."

आपण नुसती चूक दुरुस्त करायला आलो होतो, असं तिला म्हणायचं होतं.

"तिन्ही तुझ्या हाताखालून गेलीत, शेवटचा बाक. एक म्हणतं, कुणी मरतच नाही. दुसऱ्यात खुद्द मृत्यूला सांगायचं जिवावर येतं. तिसऱ्याला सगळं पाठ. कोण खरं?"

फळ्यापुढे उभं केल्यासारखी ती सरळ उभी राहिली. "मला माहीत नाही, सर."

शाळेत या उत्तराला हातावर छडी होती. सरांनी नुसती समोरची खुर्ची दाखवली. "बस. आणि ते वाच."

"कुठलं?"

"ते. मी अर्ध्यावर थांबलो होतो."

"सर, डॉक्टर म्हणालेत..."

"एकट्यानं वाचलं की धाप लागते. तेव्हाही एकटाच ऐकत होतो, घर माणसांनी भरलेलं असून. तू मोठ्यानं वाच. दिवा राहू दे."

तिनं वाचायला घेतलं. वाळू, नदी, धूर. तिचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ती सरांच्या छातीकडे बघायची आणि मगच पुढचं उचलायची. सरांनी खुर्चीचे हात आवळून धरले होते.

"सावकाश," ते म्हणाले. "स्वल्पविराम खातेस."

मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात येऊन थांबली, आणि काय वाचलं जातंय ते कळल्यावर तिथेच उभी राहिली. पानं संपत आली. शेवटच्या पानावर एक जीव पाणी मागत होता. बाइंडिंगवालीनं वाचलं, "तेव्हा तिथला पहारेकरी थांबला, मागे वळला, आणि त्यानं त्याला"

कागद संपला.

"पुढे?" सर म्हणाले.

"पुढचं आठव्यात आहे, सर. दुकानात."

"पाणी दिलं त्यानं?"

"मला माहीत नाही."

"दिलं असेल?"

तिनं ते शेवटचं पान त्यांच्याकडे वळवलं. सरांनी त्या अर्ध्या ओळीवर भिंग धरलं.

"उद्या आण."

"बाबा," मुलगी म्हणाली, "पुरे झालं हं आता."

"उद्या आण," सर पुन्हा म्हणाले, मुलीकडे न बघता. "आणि तूच ये. बाकी कुणी नको."

तिनं मान हलवली. मग उपनिषद परत शिवायला घेतलं, कारण ते तसं उघडं टाकून जाता येत नव्हतं. पण दोरा काही केल्या सुईत जाईना. सरांनी वाकून दिवा तिच्याजवळ ओढला आणि धरून ठेवला. उजेड कागदावर स्थिर राहत नव्हता.