तेलाच्या वाटेवरचं कुंकू

मित्रांनो, मोटार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे दिवे येतात, भोंगा येतो, रबरी चाकं येतात. माझी आठवण कुणालाही होत नाही. मी एक जुना क्रँक आहे. इंजिनाच्या पोटात, काळ्या तेलात माझा मुक्काम. वर दट्टे खाली-वर नाचतात आणि त्यांचं ते नाचणं मी गोल फिरून चाकांपर्यंत पोचवतो. मी नसलो तर मोटार म्हणजे नुसतं पत्र्याचं खोकं. फुशारकी वाटेल तुम्हाला, पण आहे ते खरं आहे.

माझा जन्म विलायतेतला. लालभडक तापवून मला घणाखाली घातलं, वाकवलं, घासून गुळगुळीत केलं. बोटीने मुंबईला आलो आणि एका साहेबाच्या मोटारीतून पुण्यात फिरू लागलो. साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा मोटार आपल्या ड्रायव्हरला देऊन गेला. हे ड्रायव्हर म्हणजे कामथडीचे कुंडलिकराव. गावात मोटार अशी ती एकच. लग्नाचा नवरदेव तिच्यात बसे, आजारी माणूस तिच्यात बसे आणि काहीच काम नसलेली माणसंही हौसेने बसत. कौतुकाला तोटा नव्हता. पण माझं तेल बदलायला हवं, हे कुणाच्या ध्यानीमनी नसे. तेच काळं, कचकचणारं तेल मी वर्षानुवर्षं अंगाला लावून फिरत होतो आणि आतून झिजत होतो.

शेवटी व्हायचं ते झालं. कापूरहोळजवळच्या चढावर माझ्या अंगातून ठक्‌ ठक्‌ असा आवाज निघू लागला. मोटार बैल जुंपून घरी आणावी लागली.

एरवी कुंडलिकरावांनी सावकाश बघितलं असतं. पण या वेळी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांची बायको साळूबाई पोटुशी होती. मागच्या खेपेला भोरच्या दवाखान्यात तिला बैलगाडीतून नेलं होतं. वाटेतल्या धक्क्यांनी घात केला आणि मूल हाती लागलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की पुढच्या खेपेला दिवस भरण्याआधीच येऊन राहा आणि गाडीचे धक्के मुळीच बसू देऊ नका. तेव्हा महायुद्धाची लढाई चालू होती, त्यामुळे भाड्याने माणसं नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी कमी झाल्या होत्या. ज्या होत्या त्यांत माणसं टपावर बसत. म्हणजे सगळी भिस्त आमच्यावर, आणि आमच्यात मी असा आजारी!

कापूरहोळचे मन्सूरमिस्त्री आले. त्यांनी घराच्या पडवीत इंजिन उकललं आणि मला बाहेर काढलं. कॅलिपर लावून त्यांनी मला इकडून मोजलं, तिकडून मोजलं. जिथे मी गोल असायला हवा तिथे लांबट झालो होतो.

"दुसरा मिळंल का?" कुंडलिकरावांनी विचारलं.

"लढाईत कुठला दुसरा, कुंडलिकराव? हाय ह्योच गोल करायचा. पर जरा जादा घासला तर मग ह्यो इळं-कोयत्याच्याच कामाचा."

मित्रांनो, ते ऐकून मी गारठलो. विळा होऊन गवत कापण्यात कमीपणा नाही, पण मला फिरायचं होतं.

मग काम सुरू झालं. मिस्त्रींनी माझ्याभोवती पॉलिशचा कागद गुंडाळला आणि साळूबाईकडे रवीची दोरी मागितली. दोरीचे वेढे कागदावर घालून मिस्त्री आणि कुंडलिकराव समोरासमोर बसले. ताक घुसळावं तसं एकाने ओढायचं, दुसऱ्याने सैल सोडायचं. थोडं घासलं की मिस्त्री थांबत, मोजत आणि श्वास सोडत. कुंडलिकराव त्यांच्या तोंडाकडे बघत राहत. घरात ताक बंद झालं. मी ज्यांच्यात बसतो त्या बेरिंगांत चुलीवर वितळवलेला पांढरा धातू नव्याने ओतला. मग मला काजळ लावून त्यांत फिरवलं. काळं उमटेल तिथे खरवडायचं आणि पुन्हा फिरवायचं. असं करता करता एकदाचा मी नीट बसलो. माझ्या अंगात तेल जाण्याच्या बारीक वाटा आहेत. त्या मिस्त्रींनी तारेने साफ केल्या, फुंकून पाहिल्या आणि मला स्वच्छ कापडावर ठेवलं.

एवढ्यात खंडेनवमी आली. हत्यारांच्या पूजेचा दिवस. विळे, पाभर, मिस्त्रींचे पाने आणि मधोमध मी. साळूबाईने मनोभावे पूजा केली. मीच तिला भोरला नेणार होतो ना! हळदीकुंकू पाण्यात कालवून तिने माझ्या अंगावर ठसठशीत बोटं उमटवली. माझ्यावर तेलाची बारीक भोकं दिसत होती. टिळ्याची जागा तीच असणार असं तिला वाटलं. नेमकं त्यांच्यावरच तिने कुंकू दाबलं आणि वर अक्षता लावल्या. तांदळाचा एक दाणा थेट आत गेला.

माझी वाट बंद झाली, मित्रांनो! आणि मला ओरडता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. त्याच मुहूर्तावर मोटार चालू करायची ठरली होती. मिस्त्रींनी मला उचललं, कुंकू पाहिलं आणि फडक्याला हात घातला. तेवढ्यात कुंडलिकरावांची आई, अंबूबाई, कडाडल्या.

"न्हाई हं मन्सूर! पोटुशी बाईनं लावल्यालं कुंकू पुसाया निघालास?"

"मावशी, तेलाची वाट हाय तितं..."

"आज सणाच्या दिवशी कुंकू पुसायचं म्हंतोस? इपरीत काय झालं तर?"

मिस्त्रींनी फडकं खाली ठेवलं. घर परक्याचं, दिवस सणाचा. ते कुंडलिकरावांकडे बघू लागले. कुंडलिकरावांना मिस्त्रींचं पटत होतं, पण आईपुढे तेही मऊ झाले.

"ऱ्हाऊ द्या, मिस्त्री. तेलानं आपसूक धुऊन जाईल."

धुऊन कसलं जातंय! कुंकवाचा थर वाळून घट्ट झाला होता. मिस्त्रींनी मला इंजिनात ठेवलं खरं, पण त्यांचे हात जड झाले होते. एक एक नट ते उगीचच पुन्हा पुन्हा पुसत होते. मी मनात म्हणत होतो, अहो, थांबा, कुणीतरी थांबवा यांना.

साळूबाई उंबऱ्यात येऊन बसली होती. तिने मिस्त्रींचा चेहरा पाहिला.

"मन्सूरभाई, ती भोकं कशापायी असत्यात वो?"

मिस्त्री जरा घुटमळले. "वहिनी, त्यातनं तेल येतं. तेल न्हाई आलं तर ह्यो तापतो, धातू इतळतो आन्‌ मोटार जागच्या जागी बसती."

"मंग ती तर म्याच बुजवली."

ती उठली, पडवीत आली आणि मला बाहेर काढायला सांगितलं.

"साळू!" अंबूबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, वाटंत मोटार बसली तर मला पुन्हा बैलगाडीतच घालतील. एक लेकरू घालवलंय म्या. कुंकू म्या लावलं, म्याच पुसते."

मिस्त्रींनी लगेच नट सैल करून मला बाहेर काढलं. भीती तिलाही वाटतच होती. तरी तिने पदराच्या टोकाने माझ्या अंगावरचं कुंकू पुसलं. अंबाड्यातला आकडा काढून तांदळाचा दाणा उकरला. अंबूबाईंनी तोंड फिरवलं. थोड्या वेळाने त्या आत गेल्या आणि धुतलेलं फडकं घेऊन आल्या.

"पदर कशाला नासतीस? ह्ये घे," एवढंच त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी माझ्यात तेल ओतून जोरात फुंकलं. पलीकडच्या भोकातून तेलाचा थेंब टपकन बाहेर आला. तसं सुख मला कारखान्यातून नवाकोरा निघालो तेव्हाही झालं नव्हतं.

पुढे आठवडाभरात आम्ही भोरला निघालो. चढ आला की कुंडलिकराव कान टवकारत, मिस्त्री खाली वाकून ऐकत आणि साळूबाई दोन्ही हातांनी पोट धरून बसे. मी ठक्‌ असा एकही आवाज काढला नाही. दवाखान्याच्या दारात मिस्त्रींनी इंजिन जादा तापलं नाही ना, हे हात ठेवून बघितलं आणि मगच ते खाली बसले.

मित्रांनो, आम्हाला फुलं वाहा, गंध लावा, आमची ना नाही. पण त्याआधी आमचं तेल कुठून येतं, आम्ही झिजतो कुठे, तेवढं बघत जा. आम्हाला सांगता येत नाही.

पुढे साळूबाईला भोरहून घरी परत आणताना कुंडलिकरावांनी मोटार अशी हाकली की मला फिरायचाच कंटाळा आला. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका आम्हाला मागे टाकून चालल्या होत्या. त्यांतली एक खिडकीशी वाकली.

"काय वो, मोटार बिघडली व्हय?"

"न्हाई," कुंडलिकराव हळूच म्हणाले. "लेक झोपलीया आत."