बोटीवरचा माणूस येऊन गेला होता

बाईजा ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती, तेव्हा दारात रिक्षा थांबली आणि एक म्हातारा उतरला. आसनगावला गाडी सोडून किन्हवलीवरून विचारत विचारत तो आला होता. नाव इलियास परकार, गाव बाणकोटच्या खाडीकडचं. उभी हयात बोटीवर काढलेली. त्याला धाऊचं घर हवं होतं.

किशोरनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. धाऊ हा किशोरच्या आजाचा, बारकूचा, धाकटा भाऊ. लढाईच्या वर्षांत तो मुंबईला जाऊन बोटीवर चढला आणि परत आलाच नाही. या घरात त्याचं नाव कुणी काढत नसे.

इलियासनं सावकाश सांगायला सुरुवात केली. त्याचे आजोबा कासम आणि धाऊ एकाच बोटीवर होते, बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं काम एकाच पाळीत करायचे. उंबरमाळीच्या रानात कोळशाच्या भट्ट्या लावून वाढलेला धाऊ आगीला भ्यायचा नाही, पाण्याला भ्यायचा. आफ्रिकेच्या बाजूला पाणबुडीनं बोट फोडली, त्यात धाऊ गेला. लढाई संपल्यावर कासम हे सांगायला या गावी आले होते. भावानं त्यांना ओटीवरच सांगितलं, की धाऊची बायको आणि पोर दोघी तापात गेल्या.

"ते ऐकून आजोबा तसेच माघारी फिरले," इलियास म्हणाला. "आता माझंही वय झालं. निदान भावाच्या माणसांना तरी भेटावं म्हटलं."

किशोर गोंधळला. हातानं ओटीच्या टोकाकडं दाखवत तो म्हणाला, "अहो, धाऊची मुलगी ही काय बसलीय."

बाईजानं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

तिला तो दिवस आईकडून ठाऊक होता. भिमी, तिची आई, लाकडांना रानात गेली होती. संध्याकाळी परतली तेव्हा बारकूनं सांगितलं, बोटीवरचा एक माणूस येऊन गेला. धाऊनं परमुलखात बाई ठेवलीय, आता तो येत नाय.

त्याच वर्षी मुरबाडकडच्या एका बिजवरानं भिमीशी पाट लावायचं विचारलं होतं, पोरीसकट न्यायला तो तयार होता. बारकूनं पंचांना सांगितलं की नवरा जिवंत आहे. पंच उठून गेले. बिजवरानं दुसरी केली. भिमी बारकूच्या घरात राबत राहिली, लावणीला, झोडणीला, त्याच्या बायकोच्या बाळंतपणांना. कपाळावर कुंकू लावायचं तिच्या जिवावर यायचं. बारकू ते लावायला लावायचा. ती मेली तेव्हा तिला हिरवं लुगडं नेसवलं, सवाष्णीसारखी ओटी भरली, आणि तिरडीमागून चालणाऱ्या बायका पदराआड हसत होत्या. शेवटच्या दुखण्यातही तिनं नवऱ्याला शिव्याच दिल्या होत्या.

बाईजानंही दिल्या होत्या. सासरी तिला पळपुट्याची पोर म्हणायचे, आणि मूल झालं नाही तेव्हा तेवढंच कारण पुढं करून त्यांनी तिला इथं आणून सोडलं. मग तीही बारकूकडं राबली. किशोरला तिनंच कडेवर वाढवला.

"माजी आय तवा जिती हुती," ती इलियासला म्हणाली. "रानात गेलती, लाकडांना. तुज्या आजानं जरा वाट बघितली असती तर भेटली असती."

इलियाससमोरचं पाणी तसंच राहिलं होतं.

"माजा बाप बुडून मेला?"

त्यानं मान हलवली, पण ती हो होती की नाही ते कळेना. मग तो म्हणाला की इतक्या लांब तो यासाठीच आला होता. पाणी आत शिरलं तेव्हा साहेबानं मधला लोखंडी दरवाजा लावायला सांगितला. नाहीतर सगळी बोट लगेच गेली असती. धाऊ पलीकडं कोळशात होता. दरवाजा कासमनं लावला.

"त्यानं हाक मारली?"

"फावडं मारत होता दारावर. आजोबांना पुढं कधी कुणी दार वाजवलेलं सोसलं नाही. आमच्या घराला कडीच नव्हती." इलियासनं हात जोडले. "ते माफी मागायला आले होते. त्यांच्या वतीनं मी मागतो."

बाईजानं त्याच्या जोडलेल्या हातांकडं बघितलं.

"ती आयनं द्यायची हुती," ती म्हणाली. "मी तवा मांडीवर हुते. माज्याकडं तुला द्यायला काय नाय."

तो उठला. किशोरनं जेवून जा म्हटलं, पण तो थांबला नाही.

रिक्षा गेल्यावर किशोर तिच्याजवळ येऊन बसला. त्यानं आवाज अगदी मऊ ठेवला. "आत्या, झालं ते झालं. गावात नको बोलूस. आजाचं नाव जाईल."

"माज्या बापाचं गेलं तवा?"

दुसऱ्या दिवशी नळावर तिनं बायकांना सगळं सांगितलं. बारकूनं दोन्हीकडं खोटं सांगितलं, घरातली राबणारी जाऊ नये म्हणून. बायका हंडे भरत ऐकत राहिल्या. भागी म्हणाली, "आता कशाला उकरतेस गो? सगळी मेली." एकीनं विचारलं, तो माणूस खराच कशावरून?

किशोरनं त्याच आठवड्यात गावात सांगून टाकलं की आत्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, वयच झालं. गावानं त्याचं ऐकलं. त्याच्याकडं चार माणसांची ऊठबस होती, आणि बाईजाकडं एका परक्या म्हाताऱ्याचं बोलणं. तिचं अंथरूण आतल्या खोलीतून मागच्या पडवीत आलं, गुरांच्या शेजारी.

जेवणही आता तिथंच येतं. किशोरची बायको संजीवनी ताट उचलायला आली की बाईजा तिला रोज सांगते, "माजा बाप पळाला नव्हता."

संजीवनी ताट उचलते आणि आत जाते.