मंजुरी तीस सेकंदांची

माणसाला जन्मतःच स्वातंत्र्याची ओढ असते, असं थोरामोठ्यांनी लिहून ठेवलंय. त्यांच्यापैकी कुणी आवक-जावक विभागात नोकरी केलेली नसावी.

आवक-जावकच्या कारकुनाला ओढ होती ती बदलीची. बायको आणि मुलगी सहा वर्षं दुसऱ्या शहरात. तिथल्या शाखेसाठी केलेला अर्ज साहेबांच्या खणात सहीवाचून पडलेला. त्यातच, एका परिपत्रकाच्या पाठीवर त्याने काढलेलं साहेबांचं चित्र साहेबांच्याच हाती लागलं. ते चिडले असते तर निभावलं असतं. ते खूश झाले. आग लागल्यावर इमारतीतून बाहेर कसं पडावं, याची हाताने काढलेली छोटी फिल्म कार्यालयाला हवीच होती. फिल्म द्या, सही घ्या, म्हणाले.

सेकंदाला बारा चित्रं लागतात, हे कारकुनाला एका पुस्तिकेतून कळलं. जागा मिळाली रेकॉर्डरूममध्ये. खिडकी नव्हतीच, कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद, दारही बंद. फायलींच्या दोन गठ्ठ्यांवर काच, काचेखाली दिवा. खालच्या कागदावरचा माणूस वरच्यावर गिरवायचा, पाय तेवढा सूतभर पुढे. दिवसाला बारा कागद, म्हणजे एक सेकंद. माणूस खुर्चीतून उठला, जिना उतरला आणि सातव्या दिवशी दाराबाहेर पडला. मोबाइलवर फोटो ओळीने पळवले तेव्हा तो खरोखरच चालला. कारकुनाने आजूबाजूला पाहिलं. दाखवायला कुणी नव्हतं.

साहेबांनी घड्याळ लावून पाहिलं. मंजुरी तीस सेकंदांची होती.

"उरलेले तेवीस कुठे गेले, असं वरून विचारलं तर मी काय सांगू?"

"साहेब, आग लागलीय. माणूस पळणारच."

"पळू दे की. तीस सेकंद पळू दे."

चित्रं थांबवून थांबवून दाखवली, तर माणूस लंगडायला लागला. तेव्हा कारकुनाने त्याला दारातूनच मागे वळवलं. माणूस जिना चढून गेला, पंखा बंद करून आला. मग पेनाला टोपण लावायला गेला. मग छत्री. मग बाहेर जाण्याच्या वहीत नाव, वेळ, कारण. कारणापुढे त्याने 'आग' लिहिलं. त्यात दीड दिवस गेला. गिरवलेल्यावरून गिरवताना रेषा रोज केसभर सरकत होती. दोनशेव्या कागदापर्यंत माणसाला पोट सुटलं, खांदे उतरले. कारकुनाने ते खोडलं नाही. ओळखीचं वाटलं.

बायको फोनवर रोज विचारायची, कुठवर आलाय तुमचा तो.

"दारापर्यंत आला होता. परत वर पाठवलाय."

"आता कशाला?"

"छत्रीला."

"अहो, तुम्हाला तरी यायचंय ना इकडे?"

तो सुटला की मी सुटलो, असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि पुढचा कागद घेतला.

तीस दिवसांनी सभागृहात फिल्म दाखवली. टाळ्या पडल्या. टंकलेखिकेने डोळे पुसले. छत्रीचा प्रसंग तिला फार भिडला होता. साहेब शब्दाचे पक्के. त्याच संध्याकाळी खणातून अर्ज काढून त्यांनी लांबलचक, वळणदार सही ठोकली आणि शुभेच्छाही दिल्या.

बदलीचे अर्ज पाठवायची मुदत आदल्या शुक्रवारी संपली होती. तसं परिपत्रक आलं होतं. पण आवक-जावकच्या टेबलावर महिनाभर कुणी बसलंच नव्हतं.